मागच्या वाटेवरचे दिवे

नेल पाडमोस ही बाई गावात कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या वेल्डरनिसेसारख्या गावात हे जमवणं सोपं नाही. इथं कुणाच्या खिडकीचे पडदे सकाळी उशिरा उघडले, तर दुपारच्या कॉफीपर्यंत त्याची चार कारणं तयार असतात, आणि चारही चुकीची. नेलचे पडदे कधी पुरते उघडत नसत आणि कधी पुरते बंद नसत. तिच्याबद्दल काय बोलावं हे लोकांना ठरवता आलं नाही, शेवटी त्यांनीच नाद सोडला. लग्न केलं नाही. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची, प्रवचन लांबलं की शेजारणीनं पुढं केलेली पेपरमिंटची गोळी घ्यायची, आणि बाहेर पडल्यावर पाद्रीबुवांबद्दल बरं-वाईट एक अक्षर काढायची नाही. आता असं माणूस गावाच्या काय उपयोगाचं, तुम्हीच सांगा.

विशीत ती हिल्व्हर्समला गेली होती. ते रेडिओवाल्यांचं शहर, पण तिला काम मिळालं ते कंपन्यांसाठी पडद्यावरचे कार्यक्रम करणाऱ्या एका छोट्या दुकानात. त्या काळी स्लाइड दाखवणारी यंत्रं ओळीनं लावायची आणि सोबत टेप सोडायची. टेपच्या एका पट्टीवर माणसाचा आवाज आणि संगीत, दुसऱ्या पट्टीवर नुसते ठोके. हे ठोके लोकांना ऐकू यायचे नाहीत, ते यंत्रांसाठी. ठोका पडला की चित्र बदलायचं, दुसऱ्या तऱ्हेचा ठोका पडला की दिवा मंद व्हायचा. नेल त्यांना हुकूम म्हणायची. आवाज ऐकत बसायचं, नेमका शब्द आला की बटण दाबायचं. बोट उठलं की हुकूम त्या शब्दाला कायमचा टाचला गेला. दिसायला बिनडोक काम. पण बोट जरा आधी पडलं तर चित्र चुगलखोरासारखं शब्दाच्या आधी सगळं सांगून मोकळं होतं, आणि उशिरा पडलं तर लोक जांभया देतात.

मग दुकानाच्या मालकानं नवं यंत्र आणलं. ते आवाजाला विचारायचंच नाही, घड्याळ बघून हुकूम सोडायचं. बटाट्याचं बियाणं विकणाऱ्या एका बड्या कंपनीचा वर्धापनदिन होता. सकाळी कंपनीच्या साहेबांनीच आवाजातलं आपलं लांबलचक स्वागत कापायला लावलं, आणि यंत्राला ते कुणी सांगितलं नाही. भरल्या सभागृहात आवाज म्हणाला, "ही कीड एकदा वखारीत शिरली की सगळा माल नासवते," आणि पडद्यावर साहेब प्रकटले, सूट घालून, हसतमुख. शेतकरी मंडळी आधी गप्प बसली, मग बाकं बडवून हसली. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. नेल त्या दिवसापासून घड्याळावर विसंबली नाही. हुकूम आवाजालाच टाचायचा, आणि एकदा घेतलेल्या आवाजाला कात्री लावायची नाही, ही दोन तत्त्वं तिनं धरली. आवाज कुणाचा, तो खरं बोलतो की खोटं, हे बघणं आपलं काम नाही, असंही ती म्हणायची. ते तिसरं तत्त्व. तेच तिला पुढं नडलं.

आईचं दुखणं वाढलं तेव्हा ती गावाकडं परतली, आई गेल्यावरही इथंच राहिली. स्लाइडची यंत्रं भंगारात गेली, सगळं संगणकावर आलं. तिनं तेही शिकून घेतलं. काम तेच होतं, आवाज ऐकायचा आणि बटण दाबायचं.

समुद्राचा बांध फुटून गाव बुडालं, त्या पुराला साठ वर्षं होणार होती, तेव्हा आद्रियान कोड्डे तिच्या दारात आला. आद्रियान म्हणजे शिंपल्यांचा व्यापारी, पूरघराच्या कमिटीचा अध्यक्ष, आणि शिवाय गावचा आवाज. कुजबुजला तरी धक्क्यापर्यंत ऐकू जायचं. कांद्याच्या जुन्या वखारीत गावानं पूरघर मांडलं होतं: काही फोटो, एक होडी, आणि मधोमध मोठ्या टेबलावर पुराच्या आधीचं अख्खं गाव, लहान करून मांडलेलं. बांध, चर्च, उंचावरची पुढची वाट, खाली बांधाच्या पायथ्याशी मागची वाट, आणि प्रत्येक घर.

"यात जीव ओत काहीतरी," आद्रियान म्हणाला. "शाळेची पोरं येतात, दोन मिनिटं बघतात, आणि विचारतात की संडास कुठं आहे."

नेलनं प्रत्येक घरात बारीकसा दिवा बसवला. आवाज चालेल, पाणी जसजसं येईल तसे दिवे विझतील, आणि टेबलाखालून निळा उजेड वर चढेल, असं तिनं ठरवलं.

"अगं, पण तेव्हा सगळे झोपलेले होते," आद्रियान म्हणाला. "दिवे कुणाचे चालू असणार?"

"दिवा म्हणजे त्या घरातली माणसं, आद्रियान."

"मग असं म्हण की आधी."

आवाज कुणाचा घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. मागच्या वाटेवर राहणाऱ्यांपैकी बोलण्यासारखं एकच माणूस उरलं होतं, डिंगेना हान्से. पुराच्या वेळी ती सोळा वर्षांची होती. वडील आणि ती छपरावर चढून वाचली. आई आणि धाकटा भाऊ मारिनुस गेले. आता वृद्धाश्रमात होती, चाकाच्या खुर्चीत, पण डोकं शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. नेलनं तिच्या खोलीत बसून आवाज घेतला. डिंगेना सावकाश बोलायची, मध्येच थांबायची, खिडकीबाहेर बघायची, पुन्हा सुरू करायची. नेलनं एकही थांबा कापला नाही.

ती सांगत होती ते असं. शनिवारची रात्र. वारा असा की कौलं उडत होती. आम्ही निजलो होतो. मग दाराखालून पाणी आलं. वडिलांनी आम्हाला माळ्यावर चढवलं. शेजारचं कोड्ड्यांचं घर बसलं, मग पलीकडचं. आणि मग घंटा वाजली.

नेलनं बोट ठेवलं आणि दाबत गेली. पाणी आलं, निळा उजेड. कोड्ड्यांचं घर, दिवा गेला. पलीकडचं घर, दिवा गेला. मागची वाट सगळी काळी झाली, आणि मग घंटा. काम चोख होतं.

शिंपल्यांचा हंगाम उतरल्यावर, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, गावाला ते पहिल्यांदा दाखवलं. वखार भरली होती. मागची वाट काळी झाली, घंटा वाजली, आणि पहिल्या रांगेतला लीवन फ्लिकवेर्ट उठून चालता झाला. जाताना त्यानं खुर्ची नीट जागेवर सरकवून ठेवली. आद्रियान शेजारणीकडं झुकून म्हणाला, "झोंबलं." ते अर्थात सगळ्यांना ऐकू गेलं.

आता हे झोंबायचं कारण. लीवनचा बाप योब चर्चमध्ये घंटा वाजवायचा आणि एरवी जोडे शिवायचा. पूर आला त्या रात्री बांधावर नजर ठेवायला गेलेल्यांपैकी तो एक. गावात साठ वर्षं जे सांगितलं जातं ते एवढंच, की योबनं घंटा वाजवली ती मागची वाट बुडाल्यावर. का? तर मध्यरात्र उलटली म्हणजे रविवार लागला. आणि रविवारी उपासनेखेरीज घंटेला हात लावायचा तर चर्चच्या पंचांची परवानगी लागते. हा भला माणूस म्हणे परवानगी मागायला गेला. दुसऱ्या गावाला ही थाप वाटेल. आमच्याकडं रविवारी दोरीवर एक मोजा वाळत दिसला तरी पंच घरी येतात, त्यामुळं कुणालाच ती थाप वाटली नाही. योबकडं जोडे टाकायला लोक येईनात. मेला तेव्हा रीतीप्रमाणे त्याच्यासाठी घंटा वाजली, आणि शवपेटी चर्चच्या दारातून निघताना आद्रियानचा बाप म्हणाला, "आज बरी वेळेवर वाजली." पेटीचा पुढचा कोपरा तेव्हा लीवनच्या खांद्यावर होता.

सोमवारी सकाळी लीवन नेलकडं आला. टोपी हातात, कपाळाला आठ्या. नेलनं कॉफी ओतली, बोलुस पुढं केला. त्यानं दालचिनीच्या त्या चिकट पावाला हात लावला नाही.

"घंटा दोनदा वाजली होती," तो म्हणाला.

"माझ्याकडच्या आवाजात एकदाच आहे."

"ठाऊक आहे. मी ऐकलं. दुसरी आहे ती. पहिली पाणी यायच्या पुष्कळ आधी झाली. माझ्या बापानं बांध झिरपताना बघितला, धावत आला आणि कुणाला न विचारता दोर ओढला. मी नऊ वर्षांचा होतो, आमचं घर चर्चला लागून. मी खिडकीत होतो. पंच अंगरखा अडकवून आले आणि बापाला म्हणाले, आज रविवार आहे हे विसरलास का, गाव उठवतोस? बापानं दोर सोडला. गावात कुणी उठलेलंही दिसेना. मग पाणी कुंपणापाशी आलं तेव्हा तो पुन्हा वर गेला, आणि मग कुणाच्या बापाला जुमानला नाही."

"हे तू सांगितलंस कधी कुणाला?"

"सांगून थकलो. मागच्या वाटेवरचं कुणी म्हणालं नाही की आम्ही ऐकली. वारा होता म्हणतात. आणि मी पडलो त्याचा मुलगा." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "आजवर नुसतं बोलत होते, नेल. बोलणं ऐकून सोडून देता येतं. तू ते टेबलावर मांडलंस. आधी काळोख, मग घंटा. उद्या शाळेतली पोरं बघतील, माझी नातवंडं बघतील, आणि घरी जाताना त्यांना पक्कं ठाऊक असेल की योब फ्लिकवेर्टनं उशीर केला."

"मी काही मांडलं नाही. आवाज जे म्हणाला तिथं हुकूम टाचला."

"म्हणजे तू फक्त बटण दाबलंस."

"हो."

"पंचही असंच म्हणाले होते पूर आल्यानंतर. मी फक्त नियम सांगितला." लीवन उठला. "कॉफी चांगली होती."

नेल त्या दिवशी बराच वेळ टेबलाशी बसून राहिली. तिला राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं म्हणून आणखी आला होता. दुसऱ्याच्या सांगण्यावरून घंटा पुढं-मागं करायची, तर मग आवाज घ्यायचाच कशाला? उद्या आद्रियान येईल आणि आपल्या आजोबांचा दिवा शेवटी विझव म्हणेल. पण लीवनचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. चार दिवस ती स्वतःशीच भांडली, आणि पाचव्या दिवशी सायकल काढून वृद्धाश्रमात गेली.

डिंगेना खिडकीशी लोकर विणत होती. नेलनं हवापाण्याची प्रस्तावना केली नाही.

"मावशी, लीवन म्हणतो घंटा दोनदा झाली."

डिंगेनाचे हात चालूच राहिले. "तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? मी तेव्हा आईच्या पोटात होते. माझ्याकडं तुमचा आवाज आहे, त्यात एक आहे."

"मग झालं तर."

"झालं," नेल म्हणाली. तिनं कॉफी संपवली, कोट घातला. दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"तो उठून गेला म्हणे."

"हो."

"कुणी काही बोललं?"

"आद्रियान म्हणाला, झोंबलं."

डिंगेनानं सुया मांडीवर ठेवल्या. "कोड्डे कुठले," ती म्हणाली. "आद्रियानचा बाप तसाच होता. शेजारी राहायचे आम्ही, भिंतीला भिंत. तो खोकला तरी आम्हाला ऐकू यायचा, आणि आम्ही खोकलो तरी त्याला. तुझं ते पूरघर उद्या उघडं आहे का?"

"उद्या बंद असतं."

"मग उद्याच ने मला."

दुसऱ्या दिवशी वखारीत दोघीच होत्या. नेलनं खुर्ची टेबलाजवळ घेतली. डिंगेना कितीतरी वेळ गावाकडं बघत राहिली. आपल्या घरावरून तिनं एक बोट फिरवलं, धूळ बघतात तसं. मग म्हणाली, "लाव."

तिचाच आवाज सुरू झाला. शनिवारची रात्र. वारा. आम्ही निजलो होतो.

"थांबव," डिंगेना म्हणाली. "इथं काहीतरी सुटलंय."

नेलनं आवाज थांबवला, मागं लावलेलं वाऱ्याचं घोंगावणं मात्र चालू ठेवलं. हुकूम आवाजाला टाचलेले असल्याचा हा एक फायदा. आवाज थांबला की पुढचं सगळं गाव जिथल्या तिथं थांबतं, दिवे आपणहून पुढं पळत नाहीत.

"नवं काही सांगायचंय का, मावशी? यंत्र जोडते."

"नाही. सांगायला लागले तर पुन्हा सारवासारव करीन. मी ओळखते मला. ते बटण दे इकडं. तू दाबतेस ते."

नेलनं बटणांची पाटी तिच्या मांडीवर ठेवली आणि कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. इतक्या वर्षांत तिनं ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती. हिल्व्हर्समच्या मालकानं मागितली तेव्हाही नाही.

डिंगेनानं पहिलं बटण दाबलं. घंटा वाजू लागली. ती ऐकत राहिली, आणि मग दुसऱ्या बटणावर बोट टेकवून बसली. घंटा संपली. वारा चालू होता. मागच्या वाटेवरची सगळी घरं उजळलेली होती आणि काहीच होत नव्हतं.

नेलला वाटलं, म्हातारी विसरली. "मावशी, आता पाणी?"

"थांब."

वारा. दिवे तसेच. नेलच्या बोटांना सवयीनं खाज सुटली. एवढा वेळ रिकामा कधी सोडायचा नसतो, लोक खोकायला लागतात, मग खुर्च्या करकरतात. डिंगेनाचं बोट बटणावर होतं. तिचे डोळे घरावर होते.

"मी उठून बसले होते," ती म्हणाली. "मारिनुसही जागा झाला. मी मोजे शोधत होते. आई म्हणाली, निजा, रविवार आहे, कुणी उनाड पोरांनी दोर ओढला असेल, सकाळी पंच बघून घेतील त्यांना. भिंतीपलीकडं आद्रियानचे आजोबा त्यांच्या बायकोला हेच सांगत होते, मला ऐकू येत होतं. मग घंटा थांबली. आई म्हणाली, बघ. मी पुन्हा पांघरुणात शिरले."

नेलनं पाटीकडं हात नेला.

"अजून नाही," डिंगेना म्हणाली. वारा चालू राहिला. आणि मग तिनं बटण दाबलं. टेबलाखालून निळा उजेड वर आला, आवाज पुढं सुरू झाला, दिवे पूर्वीसारखेच एकेक करून गेले, आणि शेवटी घंटा वाजली, दुसरी.

"ती आहे तिथं बरोबर आहे," डिंगेना म्हणाली. "आता मला घरी सोड. थंडी आहे इथं."

नेलनं तिला सोडलं आणि परत येऊन ते सगळं नोंदलं. म्हणजे स्वतःचं तत्त्व मोडून, एकदा घेतलेला आवाज मधोमध फोडला, आणि त्या फटीत म्हातारीनं धरलेला वेळ जसाच्या तसा ठेवला, तसूभर इकडं-तिकडं न करता. कमिटीला दाखवलं नाही. आद्रियाननं विचारलं, "काही बदल?" तर म्हणाली, "किरकोळ." आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या तरी अध्यात-मध्यात पडली होती, आणि तिला रीतसर भीती वाटत होती.

पूर आल्याच्या तारखेला दुपारी वखार पुन्हा भरली. बाहेर रिपरिप चालली होती, सगळ्यांचे कोट ओले. पाद्रीबुवा बोलले, आद्रियान बोलला. डिंगेनाची खुर्ची टेबलाच्या एका कोपऱ्याशी होती. तिनं काळा पोशाख घातला होता आणि केस विंचरून घेतले होते. लीवन येईल असं नेलला वाटलं नव्हतं. तो आला, शेवटच्या रांगेत दाराजवळ उभा राहिला, लगेच निघता येईल असा.

दिवे मंद झाले. आवाज सुरू झाला. शनिवारची रात्र. वारा. आम्ही निजलो होतो.

आणि घंटा वाजली.

नेल यंत्रामागून लीवनकडं बघत होती. तो भिंतीपासून सुटून ताठ झाला. टोपी धरलेला हात छातीशी गेला. साठ वर्षं जे तो सांगत होता ते आता गावासमोर वाजत होतं, आणि एकही दिवा विझलेला नव्हता. त्याचा चेहरा मोकळा झाला, एखाद्या नऊ वर्षांच्या मुलाचा असावा तसा.

घंटा थांबली. दिवे चालूच राहिले.

लोकांनी वाट पाहिली. कुणीतरी खोकलं. मागच्या वाटेवरचं एकेक घर लखलखत होतं, आणि प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या घराचा नातू, पुतण्या, भाचा होता, आणि प्रत्येकाचं आपापल्या घराकडं लक्ष होतं. आधी लोकांना काही वाटलं नाही. मग खुर्च्या करकरल्या. मग त्याही थांबल्या. आद्रियान नेलकडं वळून हातानं विचारत होता, काय झालं? नेल जागची हलली नाही. तो पुन्हा टेबलाकडं वळला, आजोबांच्या घराकडं, आणि त्याची मान हळूहळू खाली गेली. लीवननं ते पाहिलं. त्याची टोपी छातीवरून खाली आली.

मग पाणी आलं, दिवे गेले, दुसरी घंटा झाली, आणि नेलनं वखारीतले दिवे लावले.

आमच्याकडं अशा ठिकाणी टाळ्या वाजवत नाहीत, पण लोक उठतात, कोट शोधतात, कॉफीकडं सरकतात. त्या दिवशी कुणी उठेना. सगळे खाली बघत होते, आणि जे वर बघत होते ते डिंगेनाकडं. ती एकटीच तिथली होती, तिच्याखेरीज बघायचं कुणाकडं? ती हात मांडीवर ठेवून बसली होती, एवढीशी दिसत होती.

"ते मध्ये," आद्रियान म्हणाला. आवाज त्याचा असूनही बारीक आला. "ते मध्ये यंत्र अडकलं होतं वाटतं."

सगळ्या वखारीनं श्वास सोडला. हो की, अडकलं असेल. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. "यंत्रंच ती," कुणीतरी म्हणालं.

"अडकलं होतं ना, नेल?" आद्रियाननं विचारलं. हुकूम सोडावा तसं नव्हतं ते. तो मागत होता.

आवाज नेलचा नव्हता, वेळही तिनं लावलेली नव्हती. उत्तर देण्याचा हक्क असलेलं एकच माणूस दाराशी उभं होतं. तिनं लीवनकडं बघितलं, मग एकेक करून सगळेच बघू लागले. त्याचा बाप, बापाचं बंद पडलेलं जोड्यांचं काम, दारातलं ते वाक्य, सगळं त्याच्या एका शब्दावर आलं होतं. लीवन मात्र आद्रियानकडं बघतच नव्हता. तो त्या चाकाच्या खुर्चीकडं बघत होता, आणि तिथल्या दोन हातांकडं.

"अडकलं असेल," लीवन म्हणाला. "होतं असं. थंडीनं."

आद्रियाननं मान हलवली. लोक उठू लागले, कुणी कोटाची बाही शोधू लागलं.

"अडकलं नव्हतं, लीवन," डिंगेना म्हणाली. "तुझ्या वडिलांनी वाजवली तेव्हा आम्ही सगळे जागे होतो."